कार्पेटसाहेबांच्या बंदुका

गेल्या दिवाळीनंतरची गोष्ट. रात्रीचे साडेनऊ वाजले असतील. जुन्नर तालुक्यातून भाचीच्या यजमानांचा फोन आला. इकडची तिकडची चौकशी झाल्यावर त्यांनी मुद्द्याला हात घातला. मामा, बंदूक घ्यायची म्हणतोय, कोणती घेऊ? त्यांच्या मळ्याला तिन्ही बाजूंनी ऊस आहे. आठवड्यापूर्वी बिबट्याने गोठ्यातली कालवड नेली होती, आणि सात वर्षांची नात रोज त्याच उसाच्या कडेने शाळेच्या गाडीपर्यंत चालत जाते. परवान्याचा अर्ज त्यांनी आणूनही ठेवला होता. एकनळी घ्यावी की दुनळी, की सरळ रायफलच घ्यावी, एवढेच त्यांना माझ्याकडून हवे होते.

मी आयुष्यभर बँकेत नोकरी केली. कोणता ट्रॅक्टर घ्यावा, विहीर कुठे खणावी असले प्रश्न विचारायला लोक माझ्या टेबलाशी यायचे. पण बंदुकीचा सल्ला कुणी मागितला नव्हता. माझी पात्रता म्हणाल तर एवढीच, की माझ्या एका कादंबरीत एक शिकारी आहे. त्याला उभा करताना मी जिम कॉर्बेट यांची पुस्तके पुन्हा पुन्हा वाचली होती. फोन ठेवल्यावर त्याच पुस्तकांची धूळ झटकली, आणि या माणसाच्या आयुष्याकडे मी पहिल्यांदाच त्याच्या बंदुकांच्या वाटेने पाहिले. जे दिसले ते आज तुमच्यापुढे ठेवतो.

जिम कॉर्बेट जन्मले २५ जुलै १८७५ रोजी, नैनितालला. वडील ख्रिस्तोफर तिथे पोस्टमास्तर होते. घर मुलाबाळांनी भरलेले, पगार बेताचा. जिम सहा वर्षांचे होण्याच्या सुमारास, १८८१ मध्ये वडील गेले. पुढे थोरले बंधू टॉम यांनी पोस्टाची नोकरी धरली आणि संसाराचा गाडा ओढला. उन्हाळ्यात नैनिताल आणि थंडीत पायथ्याचे कालाढुंगी असा या कुटुंबाचा वर्षाचा परिपाठ होता. कालाढुंगीच्या घरामागे जंगल सुरू व्हायचे ते थेट तराईपर्यंत. साहेबाचे पोर म्हटल्यावर आपल्या डोळ्यांपुढे बटलर, घोडे आणि शिकारखाना उभा राहतो. तसे इथे काही नव्हते. पहाडी मुलांबरोबर वाढलेले, त्यांची बोली बोलणारे हे एका विधवेचे पोर होते.

गोफण झाली, गलोल झाली, आणि मग आठव्या वर्षाच्या आसपास हातात पहिली बंदूक आली. ती एक जुनी, ठासणीची दुनळी होती. कुमाऊंच्या पक्ष्यांवर पुस्तक लिहिणाऱ्या एका परिचित गृहस्थांनी नमुने गोळा करून आणण्यासाठी ती या मुलाला दिली होती. तिची उजवी नळी फाटलेली होती, तेव्हा उपयोग काय तो डावीचा. नळी आणि लाकडी दस्ता पितळी तारेने एकमेकांना बांधलेले. ठासणीच्या बंदुकीत दारू आणि छर्रे तोंडाकडून भरून गजाने ठासावे लागतात. एक बार उडाला की दुसरा भरेपर्यंत जनावर वाट पाहत नाही. शिवाय दारूगोळा मोजका. त्यामुळे बार टाकण्याआधी जवळ जायचे, आणि जवळ जायचे तर वाऱ्याची दिशा, पानांचा आवाज, माकडांचे खेकसणे हे सगळे शिकायचे. ही बंदूक घेऊन भटकत असताना एकदा बोराच्या झुडपामागून वाघ बाहेर आला, त्याने वळून या पोराकडे पाहिले आणि तो आपल्या वाटेने निघून गेला. वाघ हा उगीच कुणाच्या वाटेला न जाणारा प्राणी आहे, हा धडा त्या दिवशी मिळाला आणि तो जन्मभर पुरला.

दुसरी बंदूक मिळाली ती उसनी. दहा वर्षांचे जिम नैनितालच्या स्वयंसेवक पलटणीत कॅडेट होते. तिथल्या सार्जंट-मेजरांनी मुलाचा हात पाहून त्याला पलटणीची पॉइंट ४५० ची मार्टिनी-हेन्री रायफल वापरायला दिली. रायफल आणि साधी बंदूक यांत फरक आहे तो नळीच्या आतल्या मळसूत्री खाचांचा. त्या खाचांमुळे गोळी स्वतःभोवती फिरत जाते आणि लांबवर सरळ राहते. पण मार्टिनी म्हणजे एका वेळी एकच काडतूस, खांद्याला जबर धक्का, आणि बार उडाला की समोर काळ्या दारूचा धूर. या रायफलने त्यांनी पहिला बिबट्या मारला. पहिल्या गोळीने तो नुसता जखमी झाला आणि दिसेनासा झाला. दहा वर्षांचे पोर त्याच्या रक्ताच्या थेंबांवरून एकटेच मागोमाग गेले आणि त्याने काम पुरे केले. जखमी जनावर तसेच सोडून घरी जायचे नाही, हा त्यांचा नियम तेव्हापासूनचा. हा नियम वाचकांनी लक्षात ठेवावा. पुढे त्याचेच काम आहे.

शाळा संपली तशी नोकरी शोधणे आले. बेंगॉल अँड नॉर्थ वेस्टर्न रेल्वेत दरमहा १०० रुपयांवर इंजिनांसाठी लाकूड पुरवण्याच्या कामावर ते लागले. मग मोकामा घाटाचा ठेका मिळाला. गंगेच्या काठी रुंद मापाच्या गाड्यांतला माल उतरवून अरुंद मापाच्या गाड्यांत चढवायचा, तोही दरसाल लाखो टन. तिथे त्यांनी वीसेक वर्षे काढली. हमालांच्या मुलांसाठी शाळा काढली. पैसे नैनितालला आई आणि बहीण मॅगी यांच्याकडे जात. बँकेच्या माणसाला या भागाचे मोठे अप्रूप वाटते. ज्याला जग शिकारी म्हणून ओळखते, त्याचे उमेदीचे दिवस वाघामागे नव्हे, मालाच्या हिशेबात गेले. शिकार व्हायची ती रजेत.

१९०७ साली चंपावतच्या नरभक्षक वाघिणीची कामगिरी त्यांच्याकडे आली. नेपाळात सुमारे २०० आणि कुमाऊंत २३४ माणसे तिच्या नावावर होती. जाण्यापूर्वी त्यांनी दोन अटी घातल्या. सरकारने लावलेले इनाम आधी रद्द करायचे, आणि इतर शिकाऱ्यांना जंगलातून परत बोलवायचे. बक्षिसासाठी मारणाऱ्यांत आपली गणना होऊ नये आणि चुकून दुसऱ्याची गोळीही लागू नये, हा त्यामागचा विचार.

चंपावतच्या तहसीलदारांनी हाकाऱ्यासाठी २९८ माणसे जमवली. बिनपरवाना बंदुकांकडे आज काणाडोळा केला जाईल, इतकेच नव्हे तर दारूगोळाही मिळेल, असे त्यांनी आधीच कळवले होते. मग काय, छपरांच्या वळचणीतून, कणगीच्या तळातून कधी काळच्या बंदुका बाहेर आल्या. कॉर्बेट यांच्याकडे पॉइंट ५०० ची रायफल होती आणि काडतुसे फक्त तीन. तिन्ही उडाली. वाघीण जखमी होऊन समोर उभी, आणि हातात रिकामी रायफल. त्यांनी धावत जाऊन तहसीलदारांची बंदूक मागून आणली. जवळ पोचल्यावर पाहतात तो त्या बंदुकीची नळी आणि मागचा खटका यांत चक्क फट. बार उलटून स्वतःचाच चेहरा जायचा धोका होता. नेम धरला तो तोंडावर, गोळी लागली ती पंजाला. नशीब एवढेच, की वाघीण आधीच्या गोळ्यांनी संपत आलेली होती.

ती मेल्यावर त्यांनी तिचा जबडा उघडून पाहिला. उजवीकडचे वरचे आणि खालचे सुळे तुटलेले होते, जुन्या गोळीने. कुणीतरी, केव्हातरी, न पेलणाऱ्या नेमाने किंवा न पुरणाऱ्या बंदुकीने तिच्यावर बार टाकला होता आणि तो घरी जाऊन जेवला होता. सुळे गेले, नेहमीची शिकार धरवेना, म्हणून ती माणसांकडे वळली. चारशेंवर माणसांच्या मरणाच्या मुळाशी एक अर्धवट लागलेली गोळी होती. हा हिशेब मी पहिल्यांदा वाचला तेव्हा पुस्तक मिटून बराच वेळ बसलो होतो.

या कामगिरीबद्दल संयुक्त प्रांताचे लेफ्टनंट गव्हर्नर सर जॉन हेवेट यांनी त्यांना रायफल भेट दिली. लंडनच्या जॉन रिग्बी कंपनीची, पॉइंट २७५ ची. दस्त्यावर चांदीची पट्टी आणि तिच्यावर चंपावतचा उल्लेख. तहसीलदारांनाही दरबारात नवी बंदूक मिळाली. तिची गरज कोणाला किती होती ते आपण पाहिलेच!

या रिग्बीविषयी थोडे सांगायला हवे, कारण भाचेजावयांचा प्रश्न इथेच येऊन थांबतो. पॉइंट २७५ म्हणजे नळीचा व्यास पाव इंचाहून थोडा अधिक, म्हणजे ७ मिलिमीटर. मार्टिनीच्या किंवा पॉइंट ५०० च्या मानाने गोळी अगदी लहान. वाघासाठी अवजड रायफल हवी असे त्या काळचे बहुतेक शिकारी मानत, आणि चूक त्यांचीही नव्हती. पण ही रायफल वजनाला हलकी होती, दिवसभर डोंगर चढून गेल्यावरही हातात जड होत नसे, खांद्याला फार धक्का देत नसे, आणि मुख्य म्हणजे जिथे नेम धराल तिथेच गोळी टाकत असे. खटका मागे ओढून पुढे ढकलला की दुसरे काडतूस तयार. हलक्या गोळीची अट एकच. ती नेमक्या जागी बसली पाहिजे. म्हणजे तिचा खरा जोर दारूत नाही, माणसात आहे.

रुद्रप्रयागचा बिबट्या याच रायफलने मारला. बद्रीनाथ-केदारनाथच्या यात्रेच्या वाटेवर १९१८ ते १९२६ या काळात त्याने सरकारी नोंदीप्रमाणे १२५ माणसे नेली. १९१८ च्या इन्फ्लुएंझाच्या साथीत प्रेते दहन न करता दऱ्यांत टाकली गेली, तिथे त्याला माणसाची चव लागली असे कॉर्बेट यांचे मत. सरकारने १०,००० रुपये आणि दोन गावांचे इनाम लावले. गढवालमध्ये परवान्याच्या ४,००० बंदुका होत्या, त्यांत आणखी ३०० खास परवान्यांची भर घातली. विष झाले, सापळे झाले. एवढ्या बंदुका असूनही दिवस मावळला की दारे बंद होत आणि आठ वर्षे तो बिबट्या त्या अंधाराचा राजा होता. शेवटी १९२६ च्या मे महिन्याच्या सुरुवातीला, गोलाबराईच्या आंब्यावर रात्रीमागून रात्री जागल्यावर, खाली बांधलेल्या बोकडाची घंटा वाजली. विजेरीचा क्षणभर उजेड पडला आणि एक गोळी सुटली. तेवढी पुरली.

चौगडच्या वाघिणीची हकिकत तर बंदूक निवडू पाहणाऱ्या प्रत्येकाने वाचावी. ६४ माणसे मारलेली ही वाघीण त्यांना ११ एप्रिल १९३० रोजी भेटली. वाटेत एका पक्ष्याची दोन वेगळी अंडी दिसली. लहानपणापासून अंडी जमवण्याचा नाद. त्यांनी ती डाव्या हातात घेतली. एका मोठ्या खडकाला वळसा घालून मान वळवली तो आठ फुटांवर वाघीण बसलेली, थेट डोळ्यांत पाहणारी. रायफल उजव्या हातात, छातीवर आडवी. झटका देऊन फिरवली असती तर वाघीण अंगावर आली असती. त्यांनी ती एका हाताने, तसूतसूने फिरवली आणि चाप ओढला. पुढे त्यांनी स्वतःच हिशेब मांडला. हातातल्या अंड्यांमुळे घाई करता आली नाही, रायफल हलकी होती म्हणून एका हाताने फिरली, आणि समोर नरभक्षक वाघीण होती म्हणून तो प्रसंग आला. स्वतःच्या शौर्याला त्यात जागा नाही. परतताना त्यांनी अंडी होती तिथे नेऊन ठेवली आणि थोड्याच वेळात पक्षीण त्यांवर येऊन बसली. याच चौगडला आदल्या वेळी त्यांनी चुकून म्हाताऱ्या वाघिणीऐवजी तिच्या वाढलेल्या पिल्लाला मारले होते, आणि त्या चुकीमुळे गेलेल्या माणसांची टोचणी त्यांनी लपवली नाही.

अवजड रायफल त्यांच्याकडे नव्हती असे नाही. जेफरी कंपनीची पॉइंट ४५०/४०० ची दुनळी होती. दोन नळ्या म्हणजे दोन गोळ्या लागोपाठ, मध्ये खटका ओढायची गरज नाही. जवळून, दाट झाडीत अंगावर येणाऱ्या जनावरासाठी ती योग्य. ठाकच्या वाघिणीला त्यांनी १९३८ च्या नोव्हेंबर महिन्याच्या अखेरीस, संधिप्रकाशात, तिच्याच आवाजात साद घालून जवळ बोलावले आणि या दुनळीने मारले. वयाच्या त्रेसष्टाव्या वर्षी मारलेली ही त्यांची शेवटची नरभक्षक. तिच्या अंगावरही गोळ्यांच्या दोन जुन्या जखमा सापडल्या, त्यांतली एक चिघळलेली. म्हणजे पहिल्या वाघिणीपासून शेवटच्या वाघिणीपर्यंत गोष्ट तीच. आधी कुणाचा तरी चुकलेला बार, आणि मग गावोगावचे रडणे.

इथे मला माझी एक गोष्ट कबूल केली पाहिजे. १९९१ साली मी गोदाकाठच्या एका लहान शाखेत अधिकारी होतो. शाखेच्या पहाऱ्याला लष्करातून निवृत्त झालेले एक हवालदार होते. आम्ही त्यांना तात्या म्हणायचो. त्यांच्या हातात बारा बोअरची दुनळी, आणि काडतुसे किती वर्षांची ते देवाला ठाऊक. एके दुपारी शाखेमागच्या उसात बिबट्या शिरल्याची आवई उठली. शे-दोनशे माणूस जमले. कुणाला तरी तात्यांची बंदूक आठवली. गर्दी आत आली. मी तरुण होतो, गर्दीसमोर मला साहेबी दाखवायची होती. मी तात्यांना बार टाकायला सांगितले. तात्या जागचे हलले नाहीत. एवढ्या लांबून छर्रे त्याला नुसते दुखावतील, आणि दुखावलेला बिबट्या आज रात्री कोणाच्या दारात जाईल ते तुम्ही लिहून द्याल का, असे त्यांनी शांतपणे विचारले. मला राग आला. चार लोकांत अपमान झाला असे वाटले. संध्याकाळी बिबट्या आला तसा निघून गेला. तात्यांना मी पुढे कधी बरे वाटेल असे दोन शब्द बोललो नाही, आणि आता बोलायला तेही नाहीत. कॉर्बेट मी त्यानंतर वाचले. चंपावतच्या तुटक्या सुळ्यांपाशी आलो तेव्हा तात्यांचा चेहरा समोर आला.

बंदुकांबरोबरच कॉर्बेट यांच्या हातात आणखी एक यंत्र आले होते. वनाधिकारी एफ. डब्ल्यू. चॅम्पियन यांनी काढलेल्या वाघांच्या छायाचित्रांनी ते भारावले आणि १९२० च्या दशकाच्या अखेरीपासून चित्रपटाचा कॅमेरा घेऊन जंगलात बसू लागले. वाघाच्या आणखी जवळ जायचे, आणि मारायचे नाही. १९३६ मध्ये हेली नॅशनल पार्क झाले, त्यासाठी त्यांनी मनापासून खटपट केली. त्यांच्या मृत्यूनंतर त्याला त्यांचेच नाव मिळाले, आणि १९७३ साली व्याघ्र प्रकल्पाची सुरुवात तिथूनच झाली. पहिल्या महायुद्धात ते ५०० कुमाऊंनी माणसे फ्रान्सला घेऊन गेले आणि एक सोडून सगळी परत आणली. दुसऱ्या महायुद्धात, साठी उलटल्यावर, मध्य भारतात सैनिकांना जंगलात कसे जगावे ते शिकवले. १९४४ साली मुंबईच्या ऑक्सफर्ड युनिव्हर्सिटी प्रेसने कुमाऊंच्या नरभक्षकांवरचे त्यांचे पुस्तक काढले आणि ते जगभर गेले. कालाढुंगीजवळच्या छोटी हल्द्वानी गावात त्यांनी कुळे वसवली होती, रानडुकरांपासून पिके वाचावीत म्हणून गावाभोवती दगडी भिंत घातली होती. पहाडी माणसांच्या तोंडी ते कॉर्बेट नव्हते, कार्पेटसाहेब होते.

१९४७ च्या नोव्हेंबरमध्ये बहीण मॅगीला घेऊन ते केनियाला गेले. ज्या देशात जन्मले, ज्यांच्या बोलीत वाढले, तिथे आपल्याला आता जागा राहील की नाही ही शंका त्यांना होती. ती खरी की खोटी याचा निवाडा करणारा मी कोण! १९ एप्रिल १९५५ रोजी न्येरी इथे ते वारले.

२०१५ साली त्यांची जेफरी दुनळी अमेरिकेत लिलावात निघाली आणि अडीच लाख डॉलरांहून अधिक किमतीला गेली. त्याच वर्षी रिग्बी कंपनीने आपली जुनी रायफल परत मिळवली, आणि पुढच्या वर्षी ती भारतात पाहुणी म्हणून येऊन गेली. बाजाराला लाकूड, लोखंड आणि चांदीच्या पट्टीची किंमत करता आली. त्या पितळी तारेने बांधलेल्या ठासणीची किंमत कोण करणार? माझ्या मते या माणसाला घडवले ते तिनेच.

तर जावईबापू, तुमच्या प्रश्नाचे उत्तर. कर्ज मंजूर करताना आम्ही तीन गोष्टी पाहत असू. गरज कशाची आहे, झेपेल किती, आणि बुडाले तर भुर्दंड कोणावर. बंदुकीलाही हेच लावून पाहा. बिबट्याला मारणे १९७२ च्या वन्यजीव कायद्याने गुन्हा आहे. जीवावर बेतल्यावर स्वतःला वाचवणे तेवढे वेगळे. अंधारात, उसात, घाबरलेल्या हाताने, वर्षातून एकदा उचललेली बंदूक काय करील ते तहसीलदारांच्या बंदुकीने दाखवले आहे. आणि तुमची गोळी अर्धवट लागली, तर भुर्दंड तुमच्या नातीवर नाही तर शेजारच्या वस्तीवरच्या कुणाच्या तरी नातीवर. परवान्याला लागणारे पैसे आधी गोठ्याला वरून खालपर्यंत जाळी बसवायला घाला. अंगणात दिवा लावा, घराजवळची उसाची पट्टी मोकळी ठेवा, वनखात्याच्या माणसांचा फोन नंबर भिंतीवर लिहा आणि नातीला गाडीपर्यंत सोडायला रोज कुणीतरी जा, गप्पा मारत, मोठ्याने.

हे सगळे मी त्यांना फोनवर सांगितले. ते ऐकून घेऊन म्हणाले की जाळी बसवतो, पण अर्ज फाडणार नाही. मीही आग्रह केला नाही. सात वर्षांची नात माझी नाही, त्यांची आहे. मागच्या महिन्यात गेलो होतो तेव्हा जाळी बसलेली होती. अर्ज देव्हाऱ्याखालच्या खणात होता, कोराच. सकाळी मी पोरीला गाडीपर्यंत सोडायला गेलो. उसातून काहीतरी सळसळले. ती माझा हात घट्ट धरून मोठ्याने पाढे म्हणू लागली. मीही म्हणू लागलो.